मागे राहिलेला हक्क : माजी सैनिकाचे निवृत्तिवेतन कसे मागावे?



स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हटले की थोर पुरुषांचे चरित्र किंवा धम्माचा एखादा विषय प्रथम डोळ्यांसमोर येतो. या वेळी आम्ही मुद्दाम एक रुक्ष वाटणारा विषय निवडला आहे. सैन्यातून बाहेर पडल्यावर ज्यांना लगेच निवृत्तिवेतन मिळाले नाही, त्यांचा पुढे त्यावर हक्क उरतो काय, आणि उरत असल्यास तो कसा मागावा, हा तो विषय होय. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात फौजेतून परतलेली बरीच कुटुंबे आहेत. कोणी औद्योगिक वसाहतीत पहारेकरी झाले, कोणी अणुऊर्जा केंद्रात, कोणी रेल्वेत वा टपाल खात्यात लागले, तर कोणी गावी जाऊन भातशेती पाहू लागले. या घरांत एक पत्र्याची ट्रंक हमखास असते. तिच्यात पदके असतात, जुने फोटो असतात आणि कोणी न वाचलेले कागद असतात. आमचा हा लेख त्या कागदांविषयी आहे.

लेखाचे कारणही सांगतो. काही वर्षांपूर्वी पालघर तालुक्यातील ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ अशीच ट्रंक नातवाच्या खांद्यावर देऊन आमच्या मंडळाच्या बैठकीला आले. नऊ वर्षे फौजेत आणि पुढे सहा वर्षे राखीव सैनिक म्हणून त्यांची नोंद होती. "माझ्या बरोबरीच्याला पेन्शन येते, मला का नाही?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही कागद पाहू लागलो. तळाशी एक पिवळा पडलेला फॉर्म निघाला आणि प्रश्नाचे उत्तर त्यात होते. ते उत्तर काय होते, हे वाचकांना पुढे कळेलच. त्याआधी विषयाची थोडी मूलभूत माहिती करून घेणे आवश्यक आहे.

निवृत्तिवेतन म्हणजे भिक्षा नव्हे

निवृत्तिवेतन ही सरकारने खूश होऊन दिलेली बक्षिसी आहे, असा समज आपल्या लोकांत अजूनही आढळतो. त्यामुळे मागताना संकोच वाटतो आणि न मिळाल्यास नशिबाला दोष दिला जातो. हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकरा यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली कृपा नाही. ते पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि उतारवयातील सामाजिक न्यायाचे साधन आहे. या निकालाचा लाभ सैनिकी निवृत्तिवेतनधारकांनाही झाला. १७ डिसेंबर हा दिवस देशभर निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून पाळला जातो, तो यामुळेच.

आपल्या समाजाला तर निवृत्तिवेतनाचे मोल वेगळे सांगावयास नको. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते आणि १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई सर्वांना ठाऊक आहे. या फौजेतून निवृत्त झालेल्यांची वस्ती दापोलीच्या कॅम्पात होती. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक होते आणि त्यांनी दापोलीत राहून अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तिवेतनधारक होते. ज्या घरात दर महिन्याला ठरलेली रक्कम येते, त्या घरातील मुलाला शाळेतून काढून कामाला लावण्याची घाई होत नाही. बाबासाहेबांच्या बालपणीच्या घराला या पैशाचा आधार होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

पुढे १८९० नंतरच्या काळात महारांची लष्करभरती बंद झाली. तिच्याविरुद्ध वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, पण १९२१ मध्ये ती मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली, तेव्हा कोठे हा दरवाजा पुन्हा नीट उघडला. भरती बंद होण्याचा अर्थ केवळ बंदूक हातातून जाणे एवढाच नव्हता. पुढच्या पिढीच्या घरात येणारे निवृत्तिवेतनही त्याबरोबर गेले. जो हक्क मिळविण्यासाठी आपल्या पूर्वजांनी अर्ज लिहिले, तो आज अर्ज न लिहिल्यामुळे जात असेल, तर तो दोष आपल्याकडे येतो.

पंधरा वर्षांची रेघ

आता नियमांकडे वळू. जवान, नाईक, हवालदार या श्रेणीतील सैनिकाला सेवा-निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान १५ वर्षांची पात्र सेवा लागते. अधिकाऱ्याला २० वर्षे लागतात. पाच वर्षे किंवा अधिक, पण १५ वर्षांपेक्षा कमी सेवा झालेल्या जवानाला एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते, मासिक निवृत्तिवेतन मिळत नाही. काही परदेशांत थोडी वर्षे नोकरी करून बाहेर पडलेल्या सैनिकाचे निवृत्तिवेतन राखून ठेवतात आणि ठराविक वय झाले की सुरू करतात. आपल्याकडे तशी सर्वसाधारण पद्धत नाही. "दहा वर्षे केली आहेत, साठ वर्षे पूर्ण झाली की काहीतरी सुरू होईल," अशी आशा धरून बसलेली माणसे आम्हाला भेटली आहेत. तसे आपोआप काहीही सुरू होत नाही.

मात्र १५ वर्षांच्या रेघेला काही वाटा आहेत.

पहिली वाट आजार अथवा अपंगत्वाची. सेवेत झालेल्या दुखापतीमुळे किंवा सेवेमुळे जडलेल्या अथवा वाढलेल्या आजारामुळे वैद्यकीय मंडळाने ज्याला घरी पाठविले, त्याच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाला १५ वर्षांची अट लागू होत नाही. ज्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर वैद्यकीय कारण लिहिले आहे, त्यांनी हा मुद्दा आवर्जून तपासावा.

दुसरी वाट थोडक्यात हुकलेल्यांची. सेवेत थोडी कमतरता राहिल्यास ती माफ करण्याची तरतूद आहे. पूर्वी तिची मर्यादा सहा महिन्यांची होती, २००१ साली संरक्षण मंत्रालयाने ती बारा महिन्यांपर्यंत वाढविली. म्हणजे ज्याची सेवा १४ वर्षे व काही महिने भरते, त्याने "माझी पंधरा झाली नाहीत" म्हणून गप्प बसू नये. स्वतः अर्ज करून बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत या सवलतीवरून वाद झालेले आहेत, म्हणून अर्जात बाहेर पडण्याचे कारण कागदावर आहे तसेच लिहावे.

तिसरी वाट राखीव सैनिकाची आणि चौथी दुसऱ्या सरकारी नोकरीची. या दोन वाटा आपल्या भागात सर्वांत अधिक महत्त्वाच्या आहेत, म्हणून त्यांचा विचार सविस्तर करू.

राखीव सैनिक : उशिराने पिकणारे निवृत्तिवेतन

एके काळी भरतीचा करार दोन भागांत असे. काही वर्षे प्रत्यक्ष पलटणीत, जिला फौजेत कलर सर्व्हिस म्हणतात, आणि त्यानंतर काही वर्षे राखीव दलात. राखीव काळात सैनिक घरी राहून आपला उद्योग करी, परंतु बोलावणे आले की हजर होण्यास बांधलेला असे.

१९६१ च्या लष्करी निवृत्तिवेतन नियमावलीत १५५ क्रमांकाचा नियम याच सैनिकांसाठी होता. नऊ वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि सहा वर्षे राखीव सेवा, अशी पंधरा वर्षे ज्याने पूर्ण केली आणि ज्याला दुसरे सेवा-निवृत्तिवेतन नाही, त्याला राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन देता येई. येथे लक्षात घ्यावे की नऊ वर्षांनंतर घरी आलेल्या सैनिकाच्या हाती त्या दिवशी निवृत्तिवेतन नसे. ते आणखी सहा वर्षांनी, राखीव काळ संपल्यावर सुरू व्हावयाचे. आपल्या देशातील सैनिकी सेवेत उशिराने पिकणाऱ्या निवृत्तिवेतनाचा खरा नमुना हाच होय.

नियमाने सैनिकापुढे दोन पर्याय ठेवले होते. एक, दरमहा १० रुपये ५० पैसे निवृत्तिवेतन. दुसरा, त्याऐवजी ८०० रुपये एकरकमी ग्रॅच्युइटी. आणि नियमाखाली टीप होती की एकदा रक्कम दिली गेली की निवडलेला पर्याय अंतिम समजला जाईल.

विद्यार्थ्यांनी येथे हिशेब करून पाहावा. दरमहा १० रुपये ५० पैसे म्हणजे वर्षाला १२६ रुपये. ७६ महिन्यांचे ७९८ रुपये होतात आणि ७७ व्या महिन्यात एकूण रक्कम ८०८ रुपये ५० पैसे होऊन आठशेच्या पुढे जाते. म्हणजे साडेसहा वर्षांच्या आतच मासिक निवृत्तिवेतन एकरकमी पैशाला मागे टाकते. विशीत भरती झालेला सैनिक राखीव काळ संपवितो तेव्हा पस्तिशीच्या आसपास असतो. त्याच्यापुढे अजून तीस-चाळीस वर्षे असतात.

हिशेब येथेच संपत नाही. एकरकमी रक्कम वाढत नाही, निवृत्तिवेतन मात्र सुधारत जाते. पुढे राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन शिपायाच्या किमान निवृत्तिवेतनाच्या दोन-तृतीयांश असे ठरले आणि १९८६ पासून ते दरमहा ३७५ रुपयांपेक्षा कमी असू नये असे झाले. ३७५ रुपयांच्या दराने तिसऱ्याच महिन्यात आठशे पार होतात. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनाची किमान मर्यादा दरमहा ९००० रुपये झाली आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा.

आमच्याकडे आलेल्या त्या वृद्ध गृहस्थांच्या ट्रंकेतील पिवळा फॉर्म हा याच पर्यायाचा होता. त्यांनी ८०० रुपये घेतले होते. "काका, हा कागद तुम्ही वाचला होता का?" असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "सही केली, वाचला नाही. आठशे मिळतात म्हणाले. बहिणीचे लग्न होते." त्यांच्या शेजारच्याने साडेदहा रुपये घेतले होते आणि त्या वेळी सगळे त्याला हसले होते.

त्यांना आम्हाला "नाही" असे सांगावे लागले. पर्याय अंतिम होता. खोटी आशा दाखवून, वकिलाच्या आणि दलालाच्या दारात उभे करून त्यांचे आणखी पैसे घालविणे आम्हाला योग्य वाटले नाही. त्यांना दोष देणेही योग्य नव्हते. आठशे रुपयांत त्या काळी घरातले एक लग्न उभे राहिले होते. परंतु साडेदहा आणि आठशे यांतील फरक मांडून दाखविणारा एक शिकलेला माणूस त्या दिवशी त्यांच्याजवळ असता, तर त्यांचे म्हातारपण वेगळे गेले असते. हे सांगताना आम्हाला वाईट वाटले आणि त्यातूनच हा लेख लिहिण्याचे ठरले.

मात्र सर्वांचे उत्तर "नाही" असेच असते असे समजू नये. राखीव सेवा पूर्ण केली, ग्रॅच्युइटीही घेतली नाही आणि पुढे मागणीच केली नाही, असा कोणी असेल तर त्याचा हक्क जिवंत असू शकतो. म्हणून ग्रॅच्युइटी कोणती घेतली, केव्हा घेतली, हे कागदावर पाहिल्याशिवाय होकार वा नकार देऊ नये.

नौदलातील निकालापासून धडा

समुद्रकाठच्या आपल्या भागातून नौदलात गेलेल्यांसाठी एक निकाल महत्त्वाचा आहे. काही नौसैनिकांचा करार दहा वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि गरज भासल्यास पुढील दहा वर्षे राखीव सेवा असा होता. ३ जुलै १९७६ च्या निर्णयाने नौदलाने राखीव दलात घेणे बंद केले आणि दहा वर्षे भरलेले नौसैनिक राखीव सेवेविनाच घरी आले. त्यांनी राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन मागितले. टी. एस. दास आणि इतरांच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रत्यक्षात राखीव दलात घेतलेच गेले नाही, तर राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन देता येणार नाही. परंतु धोरण बदलल्यामुळे ज्यांना काढण्यात आले, त्यांच्यासाठी नौदलाच्या नियमांतील विशेष निवृत्तिवेतनाची वाट न्यायालयाने मोकळी केली.

यातील धडा असा की, एका नावाने मागितलेले निवृत्तिवेतन नाकारले गेले तरी दुसऱ्या नियमाखाली हक्क असू शकतो. अर्जात केवळ "मला पेन्शन द्या" असे लिहून भागत नाही. आपली सेवा किती, ती कशी संपली आणि आपण कोणत्या नियमात बसतो, हे सांगावे लागते.

तारापूरची दुसरी नोकरी आणि न दिलेला पर्याय

तारापूर अणुऊर्जा केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. १९८७ साली अणुऊर्जा महामंडळ स्थापन होईपर्यंत हे केंद्र थेट अणुऊर्जा खात्याखाली होते. फौजेतून १५ वर्षांच्या आत बाहेर पडून केंद्र शासनाच्या अशा नोकरीत लागलेल्यांसाठी १९७२ च्या केंद्रीय नागरी निवृत्तिवेतन नियमांत १९ क्रमांकाचा नियम होता. त्याचा आशय सोप्या शब्दांत असा : फौजेतील सेवा नागरी सेवेत जोडून घ्यावयाची असल्यास फौजेतून मिळालेली ग्रॅच्युइटी परत भरावी. ती जास्तीत जास्त ३६ मासिक हप्त्यांत भरता येई. सर्व रक्कम भरली की फौजेची वर्षे नागरी निवृत्तिवेतनासाठी धरली जात.

म्हणजे फौजेची दहा वर्षे आणि नागरी खात्यातील वीस वर्षे, अशी तीस वर्षे धरून निवृत्तिवेतनाचा हिशेब होऊ शके. गेलेली वाटणारी दहा वर्षे अशा रीतीने वीस वर्षांनी फळ देत. येथेही निवृत्तिवेतन उशिराने मिळते, फक्त ते दुसऱ्या दारातून येते.

परंतु यातही एक मेख होती. नेमणूक कायम करताना कार्यालयाने कर्मचाऱ्याकडून लेखी पर्याय मागवावयाचा होता आणि कर्मचाऱ्याने तो मुदतीत द्यावयाचा होता. पर्याय दिलाच नाही, तर त्याने ग्रॅच्युइटी ठेवून घेतली आणि जुनी सेवा सोडून दिली असे धरले जाई. मौन म्हणजे नकार, असा तो नियम होता. एका केंद्रीय कार्यालयातून निवृत्त झालेल्या आमच्या परिचयाच्या सदस्याच्या बाबतीत हेच घडले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना तसा कागद कधी दिलाच गेला नाही. अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा की, लेखी पर्याय मागविल्याची नोंद सेवापुस्तकात आहे काय? ती नसेल, तर कार्यालयाने आपले काम केले नाही असा मुद्दा मांडता येतो. ती असेल आणि खाली आपली सही असेल, तर मार्ग कठीण होतो.

१ जानेवारी २००४ रोजी वा त्यानंतर केंद्राच्या नागरी सेवेत आलेल्यांना नवी अंशदायी योजना लागू झाली. रेल्वेचे व राज्य शासनाचे नियमही स्वतंत्र आहेत. या सर्वांनी आपल्या कार्यालयास लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. टेबलाशी उभे राहून मिळालेले तोंडी उत्तर पुढे कामास येत नाही.

उशीर झाला तर काय जाते?

"आता इतक्या वर्षांनी मागून काय उपयोग?" हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. याचे उत्तर तरसेम सिंग यांच्या प्रकरणात मिळते. हे जवान १३ नोव्हेंबर १९८३ रोजी वैद्यकीय कारणावरून सैन्यातून बाहेर पडले आणि अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी १९९९ साली, म्हणजे सुमारे सोळा वर्षांनी, उच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली या प्रकरणात तत्त्व सांगितले की निवृत्तिवेतन न देणे हा दर महिन्याला नव्याने घडणारा अन्याय आहे, म्हणून केवळ उशीर झाला या कारणाने दाद नाकारू नये. मात्र मागील थकबाकी साधारणपणे न्यायालयात येण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल.

उदाहरण घेऊ. समजा एखाद्याचा हक्क १ एप्रिल १९९५ पासून होता आणि तो १ एप्रिल २०२० रोजी न्यायालयात गेला. पंचवीस वर्षे गेली. त्याला पुढचे निवृत्तिवेतन मिळेल आणि मागचे १ एप्रिल २०१७ पासूनचे मिळेल. मधली बावीस वर्षे कायमची गेली. हक्क मरत नाही, पण त्यातील पैसा मात्र दर महिन्याला गळत राहतो.

दुसरी गोष्ट पुराव्याची. ज्यांना निवृत्तिवेतन नाही, अशा सैनिकांची सेवाविषयक कागदपत्रे रेकॉर्ड ऑफिसात सुमारे २५ वर्षे ठेवून नंतर नष्ट करण्यात येतात. ज्याला हक्क सिद्ध करावयाचा असतो, त्याचेच कागद आधी नष्ट होतात. लाँग रोल या नोंदवहीत थोडक्यात माहिती शिल्लक राहते, पण तिच्यावरून सर्व सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून ट्रंकेतील डिस्चार्ज बुक हाच आपला खरा साक्षीदार होय. त्याला वाळवी लागू देऊ नये.

अर्जाची पद्धत

आमच्या अनुभवावरून कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१) प्रथम सर्व कागद एकत्र करावे. डिस्चार्ज बुक, सेवा क्रमांक, भरतीची व सुटकेची तारीख, सुटकेचे कारण, मिळालेल्या ग्रॅच्युइटीचा कागद, राखीव दलातील नोंद आणि वैद्यकीय मंडळाचा कागद. सर्वांच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती काढाव्या. मूळ कागद कोणालाही देऊ नये.

२) नाव, जन्मतारीख, पत्नीचे व मुलांचे नाव सर्व कागदांवर जुळते काय ते पाहावे. भरतीच्या वेळी घरचे नाव, शाळेत दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे आपल्याकडे फार होते. विधवा भगिनींचे कुटुंब-निवृत्तिवेतन या एका कारणाने अडकते. सैनिक हयात असतानाच ही दुरुस्ती करून घ्यावी.

३) अर्ज आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे करावा. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगाव येथे आहे. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्द येथे आणि हवाई दलाच्या दिल्लीत ठेवल्या जातात. निवृत्तिवेतन मंजूर करणारे मुख्य कार्यालय प्रयागराज, म्हणजे पूर्वीचे अलाहाबाद, येथे आहे. २०२१ पासून संरक्षण निवृत्तिवेतनाचे काम टप्प्याटप्प्याने 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेत आणले गेले.

४) जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वी आपला भाग ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून जुन्या माणसांची नोंदणी ठाण्यात झालेली असणार. चौकशी करताना जुना नोंदणी क्रमांक बरोबर असावा, म्हणजे बोईसरहून गाडी बदलत केलेली फेरी वाया जात नाही.

५) नोंद सापडत नाही असे उत्तर आल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. आपल्या सेवेची लाँग रोलमधील नोंद, मिळालेल्या ग्रॅच्युइटीची नोंद आणि कागद नष्ट केले असल्यास त्या आदेशाची तारीख मागावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.

६) लेखी नकार आला, अथवा सहा महिने काहीच उत्तर आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले असून त्याचे एक पीठ मुंबईत आहे. अंतिम नकारानंतर सहा महिन्यांची मुदत असते, ती चुकवू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळू शकतो. "इतकी रक्कम मिळवून देतो, अर्धी माझी" असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

हा लेख ज्येष्ठांइतकाच विद्यार्थ्यांसाठीही आहे. तुमच्यापैकी काही जण सैन्यात जाण्याची तयारी करीत असाल. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची आहे. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यास निवृत्तिवेतन वा ग्रॅच्युइटी नाही. सेवानिधी म्हणून एकरकमी पैसे मिळतात, ते योजना जाहीर होताना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सांगितले होते. जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम घेण्याची तरतूद आहे. आम्ही जा किंवा जाऊ नका असे सांगत नाही. परंतु एकरकमी पैसा हाती आला म्हणजे काय होते, हे आठशे रुपयांच्या गोष्टीवरून लक्षात घ्या. त्या सैनिकाला निदान दोन पर्याय होते. येथे मासिक निवृत्तिवेतनाची तजवीज तुम्हालाच करावी लागेल.

जे सैन्यात जाणार नाहीत, त्यांच्याकडेही एक काम आहे. येत्या सुट्टीत आपल्या आजोबांची, काकांची, शेजारच्या आजीची ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक वाचा, तारखा वहीत उतरवा, सेवेची वर्षे आणि महिने मोजा. इंग्रजी शब्द अडला तर मंडळाच्या बैठकीत घेऊन या. आम्ही महिन्याच्या बैठकीत एक तास यासाठी ठेवला आहे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या नातवाने त्या दिवशी आजोबांच्या पिवळ्या फॉर्मची प्रत स्वतःसाठी मागून घेतली. आजोबांना त्यातून काही मिळणार नव्हते. परंतु पुढच्या बैठकीला तो आपल्या वाडीतील एका विधवा आजीचे कागद घेऊन आला. त्या आजींच्या यजमानांची सेवा चौदा वर्षे सात महिने भरत होती. त्यांच्या बाबतीत अर्जाला आधार होता, आणि तो अर्ज त्या मुलाने आपल्या हाताने लिहिला.

अर्ज लिहिणारे असे हात प्रत्येक वस्तीत तयार व्हावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून लेख पुरा करतो.

जयभीम.